काकाजींची बोहनी

लग्नात हातात ताट घेऊन रांगेत उभी असले, की कुणीतरी हमखास विचारतं, "सुलभाताई, बाजार कुठं जाऊन राहिला?" मी म्हणते, "मला माहीत नाही." माणूस हसतो. त्याला वाटतं, बाई पोचलेली आहे, फुकट सांगणार नाही. पण खरंच सांगते, वीस-बावीस वर्षं जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका शेअर दलालाच्या कचेरीत मी डीलर होते आणि बाजार उद्या कुठं जाईल हे मला एकदाही कळलं नाही. आपल्याला ते कळतं असं ज्यांना वाटायचं, ती माणसं मात्र ढिगानं पाहिली.

डीलर हे नाव भारदस्त आहे, काम टायपिस्टचं. गिऱ्हाइकानं समोर बसून किंवा फोनवर सांगायचं, अमुक घ्या, तमुक विका, आणि डीलरनं ते यंत्रात टाकायचं. स्वतःचं मत द्यायचं नाही. फोन रेकॉर्ड व्हायचे, त्यामुळे "अहो, कशाला घेता" एवढंसुद्धा म्हणायची चोरी. आमची कचेरी पहिल्या मजल्यावर, खाली रक्त तपासायची लॅब. रक्त दोन्ही मजल्यांवर निघायचं; खालच्या मजल्यावर निदान सुई टोचण्याआधी सांगत. वर एक लांबट हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, आणि कोपऱ्यात काचेच्या आड मी. तेव्हा मोबाइलवर सौदे सुरू झाले नव्हते. गावातले हौशे-नवशे सकाळी येऊन बसत ते साडेतीनला बाजार बंद झाला की उठत. मला सगळे दीदी म्हणत.

या हॉलमध्ये प्रत्येकाचं आपलं एक शास्त्र होतं. एक निवृत्त संस्कृतचे मास्तर ग्रहांवरून सांगत. मंगळ वक्री झाला, बँका विका. स्वतः मात्र त्यांनी कधी एक शेअर घेतला नाही. वैद्यानं स्वतःची नाडी बघू नये, म्हणत. कोचिंग क्लासचे एक फिजिक्सचे सर आलेखाच्या छापील कागदावर पट्टी आणि कोनमापक घेऊन रेघा मारत. भाव रेघेच्या बाहेर गेला की सर शांतपणे रबर काढून रेघ नवी मारत, आणि मग भाव बरोबर रेघेवर यायचा. मला सगळ्यांत पटायचं ते आमच्याच गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचं. ते म्हणायचे, रूट कॅनल नको, दात काढूनच टाका म्हणणारे पेशंट वाढले की समजायचं, मंदी येऊन राहिली. यात काही तरी तथ्य होतं. पण डॉक्टर इतके भित्रे, की दातांनी कौल दिला तरी ते काही विकत नसत.

ही सगळी निरुपद्रवी माणसं. ग्रह, रेघा, दात यांना कुणी काही केलं तरी फरक पडत नाही. पण आमच्या हॉलनं एक अंदाज बांधायची रीत काढली ती जिवंत माणसावरून. ती मात्र रोज खरी ठरायची.

त्या माणसाचं नाव भेंडेकाका. जबलपूरच्याच रांझी भागातल्या कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागातून निवृत्त झालेले. उंच, ताठ, दाढी रोज केलेली. कारखान्यात त्यांचं काम म्हणजे तयार झालेल्या नगाला गेज लावून बघायचं, बसला तर पास, नाही तर नापास. भेंड्यांनी नापास केलेला नग साहेबालाही पास करून घेता येत नसे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. निवृत्तीचे पैसे आले, घरी वेळ जाईना, तर कुणाच्या तरी ओळखीनं आमच्याकडे खातं उघडलं. हॉलमध्ये मराठी मी एकटी, म्हणून माझ्या काचेजवळची खुर्ची त्यांनी धरली. मला बेटा म्हणायचे.

काकांनी घेतलेला शेअर पडायचा. विकलेला चढायचा. चुकूनमाकून नाही, जवळजवळ नेमानं. लोकांना वाटायचं पनवती आहे. मला कारण दिसत होतं आणि ते फार साधं होतं. काका सकाळी पेपर वाचायचे, एखाद्या कंपनीची चांगली बातमी बघायचे, मग आंघोळ, पूजा, पोळी-भाजी, आणि रांझीहून बस धरून आमच्याकडे यायचे. तोवर ती बातमी साऱ्या देशानं वाचलेली असायची आणि भाव चढून बसलेला असायचा. काका टोकावर घ्यायचे. दुपारी भाव उतरू लागला की घाबरून विकायचे. त्यांचं नशीब फुटकं नव्हतं, बातमी शिळी होती.

हे हेरलं गुड्डू भैयानं. त्याचं टायरचं दुकान होतं, पण दुकानात भाऊ बसायचा आणि हा आमच्याकडे. एक दिवस तो काचेशी वाकून हळूच म्हणाला, "दीदी, काकाजी ने जो लिया है ना, वो मेरा बेच दो." शेअर जवळ नसला तरी सकाळी विकून बाजार बंद व्हायच्या आत परत घेता येतो; भाव पडला की मधला फरक आपला. संध्याकाळी तो हसत घरी गेला. आठवड्याभरात अर्धा हॉल तेच करू लागला.

आणि मग त्याचा रिवाजच पडला. काका येईपर्यंत कुणी सौदा करायचा नाही. काका आले की पंख्याखालची खुर्ची रिकामी व्हायची, पहिला चहा त्यांना, आणि गुड्डू भैया हात जोडून म्हणायचा, "काकाजी, बोहनी कीजिए." बोहनी म्हणजे भवानी, दिवसाचा पहिला सौदा. काका चष्मा पुसून, जरा विचार करून, मला मराठीतून सांगायचे, "बेटा, आज हे घे." काकांचा आवाज मोठा आणि कंपन्यांची नावं सगळ्या भाषांत सारखीच, तेव्हा भाषांतराची गरज नव्हती. पाच मिनिटांत माझ्याकडे उलट्या ऑर्डरींची रांग लागायची. पाटणच्या मंडीतून, कटनीहून फोन यायचे, "दीदी, काकाजी की बोहनी हो गई? क्या लिया?" मी म्हणायची, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सौदा सांगता येत नाही. ते म्हणायचे, कोई बात नहीं, गुड्डू से पूछ लेंगे.

काका खूश होते. पैसे जात होते, पण त्यांना वाटायचं, बाजार म्हटला की वरखाली व्हायचंच. मला एकदा म्हणाले, "बेटा, कारखान्यात तीस वर्षं नग तपासले. मत कोणी विचारलं नाही. इथं बघ, मी तोंड उघडल्याशिवाय कोणी हालत नाही." त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. मी यंत्रात डोकं घातलं.

दोन-अडीच वर्षांत काकांची निवृत्तीची रक्कम संपत आली. एक दिवस ते म्हणाले, "चलो बेटा, झालं आपलं. आता फक्त घर उरलं आहे, त्याला हात लावायचा नाही." आणि यायचे बंद झाले. मला हायसं वाटलं. हॉल मात्र कावराबावरा झाला. साडेदहा वाजले तरी कुणी ऑर्डर देईना. गुड्डू भैयानं दोन दिवस स्वतःच्या अकलेनं सौदे केले आणि हात पोळून घेतले. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये चक्क वर्गणी सुरू झाली, गणपतीला काढतात तशी. काकांना रोख उसने द्यायचे, सवडीनं फेडा म्हणायचं, म्हणजे ते परत येतील आणि बोहनी सुरू होईल. "बुज़ुर्ग आदमी हैं, घर में मन नहीं लगता होगा," असं गुड्डू भैया मला काचेतून समजावत होता. मी म्हटलं, "भैया, माणसाला थोडी लाज असावी." तो मनापासून चकित झाला. म्हणाला, "दीदी, हम तो दे रहे हैं, ले थोड़ी रहे हैं."

मग मी ठरवलं, काकांना सांगून टाकायचं. कचेरीत बोलायची सोय नव्हती. रविवारी स्कूटर काढली आणि रांझीला गेले.

दोन खोल्यांचं घर, पुढे लोखंडी फाटक, मागे पेरूचं झाड. कुसुमकाकूंनी मला आधी सगळं घर फिरून दाखवलं. घर बांधलं तेव्हा काका पाळीवर असायचे, म्हणून भिंतींना पाणी मारायचं काम त्यांनी स्वतः केलं होतं. "ही भिंत माझी आहे, हात लाव, एक चीर नाही," म्हणाल्या. घर काकूंच्याच नावावर होतं. मग पोहे झाले, आणि मी सांगितलं.

"काका, रागावू नका. हॉलमधले लोक तुम्हाला मान देतात तो तुमच्या अनुभवाला नाही. तुम्ही घेता ते ते विकतात. तुम्ही विकता ते घेतात. तुमचं नुकसान हेच त्यांचं पंचांग आहे. आता ते पैसे घेऊन तुमच्याकडे येतील. घेऊ नका. पुन्हा तिथं येऊच नका."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अगंबाई! आन् चहा पाजून राहिले होते ते काहून?"

काकांनी बशी खाली ठेवली. बशीतले पोहे तसेच राहिले. त्यांनी कारखान्यात विचारत असतील तशा आवाजात विचारलं, "त्यांना फायदा होऊन राहिला?"

"होतो."

"नेहमी?"

"नेहमी कसा होईल? पण बहुतेक वेळा होतो."

"अच्छा," काका म्हणाले. मला फाटकापर्यंत पोचवायला आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तू मोठं काम केलं. असं कोणी कोणाला सांगत नाही."

मी सुटल्यासारखी घरी आले. रस्त्यात मी गाणं गुणगुणत होते, हे मला आजही आठवतं.

माझं चुकलं ते सांगण्यात नाही. आजही सांगेन. पण शेअरबाजारात इतकी वर्षं काढून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तिथल्या माणसाला तुम्ही काहीही सांगा, तो त्यात खबर शोधतो. रविवारी, स्वतःच्या पेट्रोलनं, डीलरबाई घरी येऊन सांगून गेली, म्हणजे पक्की आतली खबर. आणि खबर काय होती? तर या बाजारात एक गोष्ट अशी आहे जी बहुतेक वेळा खरी ठरते. ती म्हणजे भेंड्यांच्या मनाच्या उलट.

काका काही आठवड्यांनी परत आले. बजेट तोंडावर होतं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. हॉलला आनंदाचं भरतं आलं. पंख्याखालची खुर्ची पुसली गेली. वर्गणीचे पैसे त्यांनी घेतलेच नव्हते. त्यांच्या खात्यात त्यांच्या स्वतःच्या बँकेतून मोठी रक्कम आली होती. मी हळूच विचारलं, "काका, हे कुठले?" तर म्हणाले, "कुसुमनंच सही केली. तू काळजी करू नको." मला वाटलं, पोस्टात काही ठेवलेलं असेल. मी चिडले होते, इतकं सांगून माणूस परत आला म्हणून, आणि त्या चिडीत मी आणखी काही विचारलं नाही.

बजेटच्या आदल्या दिवशी काकांनी निर्देशांकाचं फ्युचर घ्यायला सांगितलं. बाहेरच्या वाचकाला सांगते, फ्युचर म्हणजे थोडं डिपॉझिट भरून त्याच्या कितीतरी पट मोठा सौदा करायचा. बाजार चढला तर फायदा त्या मोठ्या सौद्याचा, पडला तर नुकसानही तेवढ्याचंच. डिपॉझिट पुरेनासं झालं आणि गिऱ्हाइकानं आणखी भरलं नाही, तर सौदा आम्हीच कापतो, म्हणजे असेल त्या भावाला बंद करून टाकतो. काकांनी आजवर याला हात लावला नव्हता. मी उठून आतल्या केबिनमध्ये मालकांकडे गेले. म्हटलं, साहेब, यांना नाही झेपणार. मालकांनी विचारलं, "पैसा है खाते में?" म्हटलं, है. "तो डाल दीजिए दीदी. हम कौन होते हैं?" मी टाकलं. हॉलनं नेहमीप्रमाणे उलटं केलं, आणि या वेळी दणकून.

बजेटच्या दिवशी भाषण अर्ध्यावर आलं आणि बाजार कोसळायला लागला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या पडद्यावर काकांचं खातं लाल झालं. मी त्यांना काचेजवळ बोलावून म्हटलं, "काका, आणखी भरावे लागतील, नाही तर कापावं लागेल." ते म्हणाले, "आणखी कुठलं बेटा? घर तर ठेवलं." तेव्हा मला कळलं. कुठल्याशा फायनान्सवाल्याकडे रांझीचं घर गहाण पडलं होतं. केबिनमधून मालकांची बेल वाजत होती. सौदा मी कापला. दुसरं कोणी कापलं असतं, असं म्हणायची सोय नाही. बटण माझ्याच हातात होतं.

गुड्डू भैयानं खोव्याची जिलेबी मागवली. पहिली प्लेट रिवाजाप्रमाणे काकाजींना. काका ती प्लेट हातात घेऊन माझ्यापाशी आले आणि कुणाला कळू नये म्हणून मराठीतून म्हणाले, "बेटा, मला तर कालपासून वाटून राहिलं होतं की बाजार पडेल. अगदी पक्कं. आजवर कधी इतकं पक्कं वाटलं नव्हतं. म्हणूनच तर घेतलं."

मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा मी तिथंच रडले, काचेच्या आड, सगळ्यांदेखत. काकांनी मला एक जिलेबी देऊ केली. हॉलला वाटलं, दीदींचेही पैसे बुडाले.

घर गेलं. काका-काकू तिकडेच एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले. मी दोन-तीनदा जाऊन आले. काकूंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट चहाबरोबर खायला काही नाही म्हणून ओशाळल्या. गुड्डू भैयाही एकदा तिथं गेला होता, केळी घेऊन. खातं रिकामं झालं तरी माणूस आहेच, त्यानं नुसतं मनातलं सांगितलं तरी चालेल, असा त्याचा हिशेब. त्यानं विचारलं, "काकाजी, बस इतना बताइए, आपका मन क्या कहता है?" काका म्हणाले, "मेरे मन का क्या भरोसा, भैया." गुड्डू भैया परत येऊन दिवसभर डोकं खाजवत बसला. हे घ्या म्हटलं की विका म्हटलं, त्याला उमजेना.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. मला उशिरा कळलं. काकू आमच्या कचेरीत आल्या त्या खातं बंद करायच्या सह्यांसाठी. खात्यात काही उरलं नव्हतं, पण कागद पुरा करावा लागतो. हॉल निम्मा रिकामा होता, लोक मोबाइलकडे वळू लागले होते. मी काकूंना आत माझ्या शेजारी बसवलं आणि विचारलं, काय झालं होतं काकांना?

काकूंनी सगळं सावकाश सांगितलं. घर गेल्यापासून काका स्वतःच्या मनाचं ऐकेनासे झाले होते. थंडी वाटली तर शाल नको म्हणायचे. भाजी खारट लागली तर म्हणायचे, मला खारट लागली म्हणजे बरोबर असेल. पावसाचं आभाळ दिसलं की छत्री ठेवून जायचे. आधी काकूंना वाटलं, थट्टा करून राहिले. मग सवय झाली.

"त्या दिवशी दुपारी जेवून उठले आन् छातीवर हात दाबून बसले," काकू म्हणाल्या. "घामानं चिंब. मी पळत जाऊन ऑटो आणला. तर म्हणाले, 'कुसुम, मला वाटून राहिलं की हे हार्टचंच आहे. अगदी पक्कं वाटून राहिलं. म्हणजे नसणार.'"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, पदरानं पेन पुसलं आणि मी दाखवली तिथं सही केली.

"मलाही पटलं गं, सुलभा," त्या म्हणाल्या. "दारात आलेला ऑटो मी परत पाठवला."